तांबडी रेघ

आमच्या घरात फुटबॉलच्या गोष्टी सांगणारी तीन वडीलधारी माणसं होती. कोल्हापूरचे आजोबा, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं; लालबागचे मामा; आणि वास्कोला दिलेल्या आत्याचे यजमान, आमचे भाऊ. अण्णांची उभी हयात शाहू मिलमध्ये गेली, मामा मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि भाऊ मुरगाव बंदरात कामाला. लग्नकार्याला तिघं एकत्र आले की पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला सतरंजी पडायची आणि पानाचं तबक मध्ये यायचं. गोष्टी सुरू व्हायच्या त्या बहुतेक वेळा हरलेल्या संघांच्या. अमुक वर्षी कोण खाली गेलं, कोणाच्या नोकऱ्या गेल्या, कोण परत वर आलं. विजेत्यांची नावं पेपरात छापून येतातच, ती घरात पुन्हा कशाला सांगायची, असा जणू तिघांचा करारच होता.

भारतातल्या दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगबद्दल, म्हणजे आय-लीगबद्दल, मला जे कळतं त्याचा पाया त्या सतरंजीवर घातला गेला. पुढे आकडे वाचले, नियम वाचले, सामने पाहिले. पण लीगचा जीव तिच्या तळाशी असतो, हे मला आधी ऐकून ठाऊक झालं होतं.

अण्णांचं फुटबॉल पेठेतलं. कोल्हापुरात संस्थानकाळातच राजघराण्याने या खेळाला आश्रय दिला आणि तो तालमींनी उचलला. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या पोरांनी संध्याकाळी चेंडू घेतला. म्हणून इथल्या संघांची नावं आजही तालमींची आणि मंडळांची आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापन झाली आणि या पेठापेठांतल्या ईर्ष्येला साखळी सामन्यांची शिस्त आली. अण्णा तरुणपणी अनवाणी खेळलेले. बूट घालून येणाऱ्याच्या पायाकडे आधी बघायचं आणि चेंडूकडे नंतर, असं ते सांगायचे आणि डाव्या नडगीवरचा व्रण दाखवायचे.

खेळणं थांबलं तेव्हा अण्णांनी वही घातली. लांबट, आडव्या रेघांची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. प्रत्येक हंगामाला एक पान. डावीकडे संघांची नावं, पुढे पट्टीने आखलेले रकाने: सामने, विजय, बरोबरी, हार, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. शाहू स्टेडियमवरून आले की चहाच्या आधी वही. नावं आणि आकडे निळ्या शाईत. आणि तक्त्याच्या तळाशी, जे संघ वरिष्ठ गटातून खालच्या गटात जाणार त्यांच्या डोक्यावर, तांबड्या पेन्सिलीची एक रेघ. हंगाम सुरू होतानाच ती मारलेली असायची. सामने होत जातील तशी नावं खोडून वर-खाली व्हायची. रेघ हलायची नाही.

मी लहान असताना वरून वाचायचो. अण्णा बोट तळाशी न्यायचे. “पेपरात वरची नावं मोठ्या अक्षरांत छापत्यात. खाली कोण घसरतंय ते बघ. जीव लावून तेच खेळत असत्यात.” आणि ते खरंच होतं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात विजेता जवळपास ठरलेला असायचा, तरी स्टेडियम भरायचं, कारण तळाच्या दोन मंडळांपैकी कोण राहणार याचा निकाल लागायचा असायचा. एखाद्या पेठेचा संघ खाली गेला की त्या गल्लीत दोन-चार दिवस मोठ्याने कोणी बोलायचं नाही. मग पाचव्या दिवशी मंडळाच्या कट्ट्यावर बैठक, वर्गणी, नवा गोलरक्षक कुठून आणायचा याची चर्चा. खाली गेलेल्या पेठेतच पुढच्या वर्षीची सर्वांत जास्त तयारी चालायची. अण्णा म्हणायचे, गदा खांद्यावर टाकून बसलेला आणि जोड न धरणारा पैलवान आपल्याकडे पैलवान ठरत नाही, तसाच घसरायची भीती नसलेला संघ.

मामांची गोष्ट कूपरेजची. त्यांची मुंबई कंपन्यांच्या संघांची मुंबई होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे. चांगला खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरी द्यायची. सकाळी सराव, दुपारी हजेरीपुस्तकात सही. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावकीच्या सामाईक खोल्यांत, राहणारे गोंयकार, नागपाड्यातली आणि माहीमची पोरं, परळ-लालबागचे गिरणीकामगार, सगळे कूपरेजच्या कट्ट्यांवर एकमेकांना खेटून बसायचे. हारवूड लीगचे सामने वर्षभर आणि मग रोव्हर्स कप. १८९१ साली इंग्रजांनी सुरू केलेली ही स्पर्धा. तिच्यासाठी कलकत्त्याचे मोठे संघ यायचे. मामांचा जीव मोहमेडन स्पोर्टिंगवर. १९८४ आणि १९८७ साली मोहमेडनने रोव्हर्स कप नेला, तेव्हाचे गोल मामा हाताने हवेत रेघा ओढून दाखवायचे.

या सगळ्यात १९८२चा गिरणी संप येऊन गेला. मामांची गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा मामांना परत घेतलं नाही. पुढे त्यांनी जे मिळेल ते काम केलं, पण कूपरेज सोडलं नाही. काम गेलेल्या माणसाला संघ खाली जाणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ते सांगायचे की स्पर्धा आणि लीग यांत फरक आहे. स्पर्धेत एक दिवस वाईट गेला की घरी. पुढच्या वर्षी पुन्हा कोऱ्या पाटीने यायचं. लीगमध्ये वर्षभराचा हिशेब होतो आणि त्याचं फळ पुढच्या वर्षीही भोगावं लागतं.

भारताला अशी देशव्यापी लीग मिळायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं. त्याआधी देशाचं फुटबॉल संतोष ट्रॉफी, ड्युरंड, रोव्हर्स, फेडरेशन कप अशा स्पर्धांवर आणि कलकत्ता, गोवा, मुंबईच्या स्थानिक लीगवर चाललं होतं. १९९६-९७च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने घेतलं. गिरणीचा संघ पहिला आला याचा मामांना कोण आनंद. दुसऱ्याच हंगामात, १९९७-९८ला, लीगची दुसरी श्रेणीही सुरू झाली. त्यामुळे वरच्या श्रेणीतून खाली जाणं आणि खालून वर येणं, दोन्ही शक्य झालं. अण्णांच्या वहीतली रेघ आता देशाच्या तक्त्यावर आली होती.

२००५-०६ला महिंद्र युनायटेडने ती राष्ट्रीय लीग जिंकली. डेरिक परेरा प्रशिक्षक होते. त्या लीगचं विजेतेपद महाराष्ट्रात आलं ते तेवढ्या एकदाच. मामांनी चाळीत पेढे वाटले. आणि २०१० मध्ये महिंद्रने संघ बंद केला. खाली न जाता, मैदानावर न हरता, एका निर्णयाने संघ संपला. मामा त्या दिवशी म्हणाले, “हरून गेले असते तर परत आले असते.” पुढे जेसीटीनेही २०११ मध्ये दार लावलं. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी, दोन्ही मुंबईचे संघ, क्लब परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने वरच्या लीगबाहेर गेले. कंपनीच्या पगारपत्रकावर खेळाडू ठेवायचे आणि क्लब म्हणवून घ्यायचं, हे आशियाई महासंघाला चालण्यासारखं नव्हतं. नियम चुकीचा नव्हता. पण ज्या व्यवस्थेने मुंबईच्या शेकडो खेळाडूंना घर दिलं, तिची जागा घेईल असं काही आपण आधी उभं केलं नव्हतं, हे आजही बोचतं.

भाऊंची गोष्ट सर्वांत सुखाची, म्हणून मी ती वारंवार सांगायला लावायचो. भाऊ साळगावकरांच्या संघाचे. वास्कोचं टिळक मैदान त्यांच्या पायाखालचं. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभे असले की बंदरावरची माणसं निर्धास्त असायची, असं ते सांगत. खाणवाल्या घराण्यांनी गोव्याचं फुटबॉल पोसलं. साळगावकर १९५६चा, धेंपो १९६८चा. १९९८-९९ला साळगावकर राष्ट्रीय विजेता झाला आणि वास्को रात्रभर जागं राहिलं.

मग राष्ट्रीय लीगचं नाव बदलून २००७ साली आय-लीग झालं आणि पहिल्याच हंगामात, २००८ मध्ये, हा माजी विजेता तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत घसरला. भाऊ सांगायचे की संघ खाली गेला तरी टिळक मैदानावर सराव बघायला जाणारे तेच चेहरे होते. कोणी दुसऱ्या संघाचा झेंडा हाती धरला नाही. दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांचा टीव्हीवर पत्ता नसायचा. निकाल फोनवरून कळायचा आणि बंदरावरच्या चहाच्या गाड्यावर पोचायचा. एका हंगामात साळगावकर वर परतला. त्याच वेळी पुण्याचा पुणे एफसी आणि शिलाँगचा लाजोंगही दुसऱ्या श्रेणीतून वर आले. आणि २०१०-११ला, घसरणीनंतर तिसऱ्याच वर्षी, साळगावकर करीम बेंचरिफा यांच्या हाताखाली आय-लीगचा विजेता झाला. गोष्ट इथवर आली की भाऊ थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग म्हणायचे, “पडल्यावर कोण कसा उठतो, तेच बघायला माणूस मैदानावर जातो.”

दुसरी श्रेणी ही अशी काम करते. ती वरच्याला शिक्षा देते आणि खालच्याला संधी, आणि दोन्ही एकाच नियमाने. महाराष्ट्राला तिने भरभरून दिलं. मुंबई एफसी २००७ साली स्थापन झाला आणि २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला. पुणे एफसी पाठोपाठ आला, बालेवाडीत खेळला आणि २०१२-१३ला देशात दुसरा आला. २०१८ मध्ये श्रीनगरचा रिअल कश्मीर दुसरी श्रेणी जिंकून वर आला आणि काश्मीर खोऱ्याला पहिल्यांदा आय-लीगचे सामने घरच्या मैदानावर बघायला मिळाले. राजधानीतल्या कार्यालयात बसून कोणी श्रीनगरला संघ दिला नव्हता. तो जिंकून मिळवलेला होता.

आता जे सांगतो ते वडीलधाऱ्यांचं नाही, मी स्वतः पाहिलेलं आहे. २०१५-१६च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नववा आला, मिझोरमचा ऐजॉल एफसी आठवा. खाली गेला तो ऐजॉल. कारण शिवाजियन्सला थेट प्रवेश दिलेला होता आणि अशा नव्या संघाला काही काळ रेलिगेशनपासून, म्हणजे खाली जाण्यापासून, अभय होतं. अण्णा तेव्हा हयात असते तर त्यांनी ते पान वहीत लिहिलंच नसतं, असं मला वाटतं. शेवटून पहिला राहतो आणि शेवटून दुसरा जातो, हा हिशेब कोणत्याही पेठेतल्या पोराला पटवून देता येणार नाही.

त्याच उन्हाळ्यात गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी देशाच्या फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध करत आय-लीग सोडली. धेंपोनेही सोडली, पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला हा संघ आदल्या वर्षी घसरला होता आणि नुकताच दुसरी श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळवून बसला होता. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐजॉलला परत बोलावलं गेलं. आणि त्यांनी प्रशिक्षक घेतला तो खालिद जमील. खालिद मुंबईत महिंद्रकडून, एअर इंडियाकडून खेळलेले, सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिलेले आणि तिथून नुकतेच दूर केले गेलेले.

पुढचा हंगाम भारतीय फुटबॉल कधी विसरणार नाही. २२ एप्रिल २०१७ला ऐजॉलने आपल्या डोंगरातल्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध एक गोल खाऊन मागे पडले, तो फेडला, सामना १-१ सुटला आणि ३७ गुणांवर ऐजॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागान ३६वर राहिला. वर्षभरापूर्वी रेघेखाली लिहिलेला संघ. आणि त्याच तक्त्यात तळाला, दहाव्या जागी, खालिद यांना सोडणारा मुंबई एफसी होता. तो खाली गेला आणि पुन्हा उभा राहिला नाही. क्लबच बंद झाला. मामांना मी फोनवर दोन्ही बातम्या एकदम सांगितल्या. ते म्हणाले, “खालिदचं आधी सांगायचं आणि फोन ठेवायचा.” २०२५च्या ऑगस्टमध्ये हेच खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

विजेत्या ऐजॉलला मात्र वर जायला जागाच नव्हती, कारण ‘वर’ची व्याख्या बदलत होती. डिसेंबर २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग, आयएसएल, उभी राहिली. शहरांच्या नावाच्या फ्रँचायझी, चित्रतारे, क्रिकेटपटू, झगमगीत स्टेडियम. खेळाला नवे प्रेक्षक मिळाले आणि खेळाडूंना बरे पैसे, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्या तक्त्याला तळ नव्हता. शेवटचा येणारा संघ पुढच्या वर्षी तिथेच असायचा. २०१७ मध्ये आयएसएलमध्ये दोन संघ वाढवले, बंगळुरू आणि जमशेदपूर, तेही निविदा भरून आले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघाच्या उपस्थितीत नवा आराखडा ठरला. आयएसएल पहिली लीग, आय-लीग दुसरी. २०२२-२३ आणि २०२३-२४ या हंगामांचा आय-लीग विजेता प्रवेश शुल्क न भरता आयएसएलमध्ये जाईल आणि २०२४-२५ पासून आयएसएलमधून खाली जाणंही सुरू होईल. अशा रीतीने ज्या लीगने जेसीटी, साळगावकर, महिंद्र आणि ऐजॉल यांना देशाचा विजेता केलं ती लीग कागदावर दुसऱ्या श्रेणीची झाली.

त्यानंतर काही वर्षांनी मी मामांना पुन्हा कूपरेजला नेलं. केंकरे एफसी हा मुंबईचा क्लब २०२१-२२ला आय-लीगमध्ये आला होता आणि आता घरचे सामने कूपरेजवर खेळत होता. दुपारची वेळ, कृत्रिम हिरवळ, पलीकडे ओव्हल मैदानावर क्रिकेट चालू. प्रेक्षक थोडे. त्यामुळे एरवी कानावर न पडणारं सगळं ऐकू येत होतं: चेंडूवर पडणारी लाथ, बचावपटूला मागे ओढणारी गोलरक्षकाची हाक, प्रशिक्षकाची शिट्टी. कुंपणाला अकादमीची मुलं लटकलेली. आपल्या संघाचा एक खेळाडू पायात गोळे येऊन खाली बसला तेव्हा त्यातल्याच एका मुलाने आपली पाण्याची बाटली जाळीवरून आत टाकली आणि राखीव खेळाडूने ती उचलून धावत नेली. मामा पुढे झुकून बघत होते. केंकरे तेव्हा तळाशी होता. “आज हरले तर?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खाली जातील. त्यांनी मान डोलावली आणि टोपी सारखी केली. शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही. केंकरे त्या हंगामाअंती खाली गेलाच, दिल्लीच्या सुदेवाबरोबर.

परतीच्या टॅक्सीत मामांनी सगळी रचना विचारून घेतली. पुढे ती बसली ती अशी. २०२४-२५च्या हंगामात आय-लीगमध्ये १२ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा पाहुणा म्हणून; म्हणजे प्रत्येकी २२ सामने. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. पहिला येणारा आयएसएलला, शेवटचे दोन आय-लीग २ मध्ये. तिथून वरचे दोन इकडे. त्याच्याखाली २०२३-२४पासून आय-लीग ३. तिथे राज्य संघटनांनी पाठवलेले क्लब. आणि सर्वांच्या खाली राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या लीग. वर जायला गुण पुरत नाहीत, परवाना लागतो. मैदान, कुमार गटांचे संघ, पात्र प्रशिक्षक, कायदेशीर कागद, पैशांचा हिशेब, हे सगळं तपासलं जातं.

ही रचना चालली तेव्हा तिने काय दिलं तेही पाहिलं पाहिजे. २०२२-२३ला राउंडग्लास पंजाब आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला. मैदानावर जिंकून वर चढलेला हा पहिला संघ. पुढच्या वर्षी ६ एप्रिल २०२४ला मोहमेडनने शिलाँगमध्ये लाजोंगला २-१ हरवून आय-लीग जिंकली. १८९१चा हा क्लब, १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीगचा राजा; २०१४ मध्ये आय-लीगमधून घसरला आणि २०२० पर्यंत दुसऱ्या श्रेणीत झगडत राहिला. तिथून आय-लीग, तिथून आयएसएल. आणि त्याच वर्षी आय-लीग २ मधून धेंपो वर आला. पाच राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेला क्लब तिसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर पुन्हा पहिल्यापासून खेळला आणि रांगेतूनच परतला. यात कमीपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी भाऊंना भेटायला हवं होतं.

आणि ही रचना मोडली तेव्हा काय झालं? २०२४-२५ला शेवटच्या सामन्यानंतर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर पहिला, वाराणसीचा इंटर काशी ३९वर. पण जानेवारीतल्या एका सामन्यात नामधारी एफसीने अपात्र खेळाडू उतरवल्याची इंटर काशीची तक्रार होती. महासंघाच्या एका समितीने गुण दिले, दुसरीने काढले. एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता घोषित केलं. जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला आणि तेच विजेते ठरले, तेच वर गेले. नियमाने तो निकाल योग्य असेल. पण दक्षिण गोव्यातल्या माणसाने तीन महिने विजेता म्हणून काढले आणि मग ते पद परदेशातून आलेल्या कागदाने गेलं. सहा महिने हा तंटा घरात सुटू शकला नाही, याची जबाबदारी महासंघाची आहे. लीगचा पाया विश्वासाचा. तक्ता अंतिम आहे असं प्रेक्षकाला वाटलं नाही तर तो पुढच्या वर्षी येत नाही.

त्याच हंगामात आयएसएलमध्ये मोहमेडन शेवटचा आला. आराखड्याप्रमाणे रेलिगेशन सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही; मोहमेडन राहिला. मामांचा सगळ्यात लाडका संघ. मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. ते म्हणाले, “खाली जायला हवे होते. नियमाने वर आले ना? मग नियमाने खाली जायचं, आणि परत यायचं.” ऐंशी ओलांडलेल्या माणसाने आपल्या संघाविरुद्ध दिलेला हा निवाडा मला सगळ्या समित्यांच्या अहवालांपेक्षा खरा वाटतो.

मालकांची बाजूही मी समजून घेतो. कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला एका वाईट हंगामात सगळं बुडण्याची भीती असते आणि मुंबई एफसीचं उदाहरण ती भीती खोटी नाही हेच सांगतं. पण उपाय रेघ पुसून टाकणं हा नाही. रेघेखाली जगता येईल अशी व्यवस्था करणं हा आहे. आय-लीगचे सामने नीट दिसावेत, घसरलेल्या क्लबला दोन वर्षं आधार मिळावा, खेळाडूंचा पगार आणि विमा वरच्या लीगइतकाच काटेकोरपणे तपासला जावा, वेळापत्रक हंगामाआधी पक्कं व्हावं. साळगावकर परतला कारण त्याच्या पाठीमागे घर होतं. मुंबई एफसी परतला नाही कारण खाली त्याला धरणारं काहीच नव्हतं.

आणि आपल्या राज्याला सांगायचंय ते वेगळं आहे. कोल्हापूरने भारताला अनिकेत जाधव दिला, जो २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळून थेट आय-लीगमध्ये उतरला. निखिल कदम दिला, जो मुंबई एफसी आणि मोहन बागानकडून खेळला. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी खेळून आला. तरी पेठेच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरवणाऱ्या या गावाचा पुरुषांचा संघ आय-लीगमध्ये आजवर उतरलेला नाही. मार्ग आता लिहून ठेवलेला आहे: राज्याची लीग आणि मग एकेक श्रेणी चढत वर. तो लांब आहे, पण त्यासाठी कोणाची निविदा किंवा मेहरबानी लागत नाही. पेठांची ईर्ष्या पेठांत राहू द्या, तिच्यावरच हे फुटबॉल जगलं आहे. पण परवान्याची फाईल, कुमार संघ आणि प्रशिक्षक यांच्यासाठी सगळ्या तालमींनी एकदा एका सतरंजीवर बसायला हवं.

वरच्यांनीही आपला शब्द पाळायला हवा. २०१४ ते २०२५ या काळात आयएसएलचे अकरा हंगाम झाले. त्या अकरा हंगामांत मैदानावर हरला म्हणून एकही संघ खाली गेलेला नाही. जोवर तो जात नाही, तोवर भारताची पहिली लीग आणि दुसरी लीग, दोन्ही अर्ध्याच आहेत.